एकच शब्दयादी, चार मातृभाषा: सीमाभागातल्या इंग्रजीत स्वर-व्यंजनं कुठे फुटतात?

(बेळगाव भागातल्या काही जणांची लेखी चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरं गेट
पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) एका वर्गात मराठी माध्यमाची, कन्नड माध्यमाची, उर्दूची अशी सगळी मुलं एकाच बाकावर बसतात. खानापूरकडची घरी कोकणी बोलणारी दोन-चार असतात ती वेगळीच. या सगळ्यांना एकच इंग्रजी शब्दयादी वाचायला दिली की चुका पडतात, खरं एकसारख्या पडत नाहीत. मराठी मूल चवीचा ‘टेस्ट’ आणि परीक्षेचा ‘टेस्ट’ एकाच सुरात म्हणतं. शेजारचं कन्नड मूल ते दोन्ही बिनचूक वेगळे करतं आणि लगेच पुढच्या ओळीत ‘कालेज’ म्हणतं. तेव्हा ‘अमक्याचं इंग्रजी कच्चं’ हे बाजूला ठेवून नेमकं काय कुठे अडतं ते मांडूया.

एक सोय करून घेऊ. ऱ्हस्व ए-ओसाठी देवनागरीत ऎ आणि ऒ ही चिन्हं आहेत. मराठीत लागत नाहीत, इथे लागतील. आपल्या गावाच्या नावातच हा फरक आहे. कन्नडमध्ये ‘बॆळगावि’, पहिला स्वर आखूड. मराठीत ‘बेळगाव’, तोच स्वर लांब. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं तेव्हा पाटीवर मराठी देवनागरीत तो आखूड स्वर दाखवायला अक्षरच नव्हतं.

मलप्रभा काठ
टेस्ट-टेस्टचं कारण सरळ आहे. मराठीत ए एकच. कन्नडमध्ये ऎ आणि ए दोन, त्यांची अक्षरंही वेगळी. त्यामुळे मिरी आणि कागद दोन्ही मराठीत ‘पेपर’, लेखणी आणि वेदना दोन्ही ‘पेन’.

इ-ई आणि उ-ऊ यांचा घोळ मात्र जास्त खोल आहे, कारण मराठीत दोन्ही अक्षरं आहेत आणि म्हणून आपल्याला वाटतं की फरक येतोच. तो येत नाही. मराठीत इ-उ लांब की आखूड हे शब्दातल्या जागेवर ठरतं. तीळ, पण तिळाचा. फूल, पण फुलं. मूल, पण मुलाला. शेवटी व्यंजन असलेल्या अखेरच्या अक्षरात स्वर लांबतो, पुढे काही चिकटलं की आखडतो. इंग्रजी शब्द तोंडात आला की हाच नियम आपोआप लागतो. म्हणून जहाज आणि मेंढी दोन्ही ‘शीप’. बसमध्ये ‘एक फुल, दोन हाफ’ मागताना मूर्ख आणि पूर्ण यांत फरक उरत नाही. आणि उलट बाजूने, भावना आणि दातात भरलेलं सिमेंट दोन्ही ‘फिलिंग’, कारण तिथे स्वर मधल्या अक्षरात आला. ‘मिटिंग’ अशी पाटी कार्यालयाबाहेर दिसते ती लिहिणाऱ्याचा आळस नाही, त्याच्या कानाला तसंच ऐकू येतं.

म्हणजे एकच मूल ‘शिप’ लांबवतं आणि ‘मीटिंग’ आखडतं. ‘ऱ्हस्व म्हण, दीर्घ म्हण’ असं ओरडून हे सुटत नाही. आधी त्याला त्याचा स्वतःचा तीळ-तिळाचा नियम दाखवावा लागतो.

गोकाक फॉल्स
कन्नडच्या बाजूने लिहितो.

लांबी-आखूडपण कन्नडमध्ये सगळ्या स्वरांना आहे आणि त्यावर अर्थ बदलतो. ‘हळॆ’ आणि ‘हाळॆ’ यांत गल्लत करणारं कन्नड मूल सापडणार नाही. त्यामुळे शिप-शीप, पुल-पूल, टॆस्ट-टेस्ट या जोड्या त्यांना फुकटात मिळतात.

त्यांची अडचण शब्दाच्या शेवटाला. उसना शब्द व्यंजनावर संपला की कन्नड त्याला ‘उ’ चिकटवते, आणि ते ठरलेल्या रीतीने: आधीचा स्वर आखूड असेल तर व्यंजन दुप्पट होतं. बस्सु, पॆन्नु. स्वर लांब किंवा जोडस्वर असेल तर दुप्पट नाही: कारु, रोडु, लैटु. घरच्या बोलण्यात हे बरोबरच आहे, तो कन्नड शब्द आहे. इंग्रजी वाक्य म्हणतानाही तो ‘उ’ मागे राहतो तेव्हा ऐकणारा गोरा माणूस एक अक्षर जास्त मोजतो.

काढायची युक्ती: शेवटच्या व्यंजनावर तोंड बंदच ठेवायला लावायचं. ‘कप’ म्हणून ओठ मिटलेले ठेवून मनात २ मोजायचं, मग ओठ नाकाने श्वास घेत सोडायचे. ‘बुक’ला ओठ उपयोगाचे नाहीत, जीभ मागे टेकलेली ठेवायची. ‘बस’ला तर आणखी सोपं, स लांबवत आवाज मरू द्यायचा. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर तोडायचंच नाही, जोडून म्हणायचं. ‘बस इज’ म्हणताना उ-ला जागाच मिळत नाही.

तिसरं गेट
आणि ‘ब्यांक’? कन्नडमध्ये ॲ नाहीच ना?

गोकाक फॉल्स
हे सगळेच म्हणतात आणि ते अर्धवट आहे. लिपीत स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून ‘ब्या’ असं लिहावं लागतं. बोलण्यात धारवाड-बेळगावकडच्या कन्नडमध्ये ॲ ठणठणीत आहे. पुस्तकातलं ‘बेड’ म्हणजे नको, ते आपल्याकडे ‘ब्याड’ असं लिहितात आणि तोंडातून निघतो तो लांब ॲ. ‘बेरे’चं ‘ब्यारे’ही तसंच. म्हणजे ‘वाईट’ या अर्थाचा इंग्रजी शब्द शिकवायला गोकाकच्या पोराला काहीच कष्ट नाहीत. त्याला म्हणायचं, ‘नको’ म्हण आणि शेवटचा अ गिळ. अडतं ते फक्त वाचताना, कारण ‘ब्यांक’ हे अक्षर लावून य सुटा उच्चारला जातो.

खरी उणीव ऑची. तो ना लिपीत आहे ना बोलीत. मग कालेजु, डाक्टर, आफीसु. ‘हॉल’चं ‘हाल’ झालं की ते दूध, ‘कॉल’चं ‘काल’ झालं की तो पाय. मराठी मुलाला ऑ येतो, लिहिताही येतो.

खडेबाजार
डाक्टरला चूक कोणत्या हिशेबाने म्हणायचं? अमेरिकेत त्या शब्दातला स्वर आ-च्याच जवळचा आहे. पुष्कळ अमेरिकी लोक खाटेचा ‘कॉट’ आणि ‘पकडला’चा ‘कॉट’ यांतही फरक करत नाहीत. ब्रिटिश मोजपट्टी लावली तर मराठी मूल जिंकतं, अमेरिकी लावली तर कन्नड. आधी मोजपट्टी ठरवा.

मलप्रभा काठ
मुद्दा मान्य, अर्धा. ‘डाक्टर’ अमेरिकेत खपेल. ‘हाल’, ‘काल’ सगळीकडे खपणार नाही, कारण बरेच अमेरिकी तिथे गोल ओठाचाच स्वर ठेवतात. शिवाय कन्नड आ तुलनेने पुढचा आणि उघडा आहे, अमेरिकी स्वर घशाकडे ओढलेला. मोजपट्टी कुठलीही घ्या, बोलणाऱ्याकडे तीन वेगळे खण हवेत: खाट, अंगरखा आणि गाडी. मराठीत ते कॉट, कोट, कार असे तयार आहेत. कोकणीवाल्यांना तर खाट-अंगरखा सगळ्यात सोपं, त्यांच्याकडे मिटका ओ आणि उघडा ओ असे दोन आहेतच, फक्त देवनागरीत दोन्ही एकाच काना-मात्रेत लपतात.

निपाणी नाका
शब्दाच्या सुरुवातीचा य कुणी लिहिला नाही. येम.ये., येल.आय.सी., यस्टी. हा कन्नडचा म्हणून हसतात, खरं मराठीतही ‘एक’चा ‘येक’ होतोच की. ओ-ला तसाच व: ‘वोन्ली’. उलटंही होतं, ‘यीस्ट’मधला य गळून पूर्व दिशा होते. उपाय एकच: आधी ‘अ’ म्हणून गळा उघडा ठेवायचा आणि जीभ न हलवता ऎ-वर जायचं. जीभ वर उचलली की य आलाच.

अनगोळ
व्यंजनांवर लिहितो, कारण मराठीवाले इथे फार निश्चिंत असतात आणि तिथेच फसतात.

व घ्या. मराठी लेखनात दोन इंग्रजी ध्वनींना दोन वेगळ्या खुणा आहेत: टीव्ही, व्हॅन, व्हॉल्व्ह यांत व्ह, आणि वॉटर, वायर यांत व. दिसायला छान. प्रत्यक्षात मराठी व्ह म्हणजे व अधिक ह-चा श्वास, दात ओठाला नीट घासतच नाहीत. त्यात आणखी भर म्हणजे ‘पांढरा’ आणि ‘का’ यांचे इंग्रजी शब्दही आपण व्हाईट, व्हाय असे लिहितो, कारण त्यांच्या स्पेलिंगमध्ये एच आहे. मग मूल टीव्हीतला व्ह तिथेही लावतं. कन्नडमध्ये एकच व, त्यामुळे तिथे निदान खोटा आत्मविश्वास नाही.

सुधारायची रीत अशी. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके टेकवा. फ-सारखी हवा सोडा, ५ सेकंद. आता दात न हलवता आवाज सुरू करा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. हा टीव्हीतला. श्वास संपेपर्यंत लांबवता आला तरच बरोबर. मराठी व्ह लांबवता येत नाही, लगेच स्वरात जातो. पाण्यातला वेगळा: ओठ ऊ-सारखे गोल करा, दात लांब, आणि ऊ-वरून पुढच्या स्वरावर घसरा. ऊ-ऑटर, पण झटक्यात. नेहमीची चूक ही की मूल दोन्ही ओठ जोडून ब-च्या जवळ जातं. आरसा समोर ठेवला की दात दिसतात की नाही यावरूनच कळतं.

झ-चंही असंच. झेरॉक्स, झोन, झिरो हे आपण झ-ने लिहितो. मराठीत जहाज, जावई यांतला दंतमूलीय ज आहे, म्हणून आपल्याला वाटतं आपण कन्नडवाल्यांच्या ‘जीरो’पेक्षा पुढे. पण आपल्या त्या ज-मध्ये जीभ आधी टेकते, सुरुवातीला एक पुसट द असतो. इंग्रजीत जीभ टेकतच नाही. चाचणी: ३ सेकंद लांबवा. लांबला तर खरा, नाही लांबला तर द्ज. स सुरू करा, बोट कंठावर ठेवा, जीभ तिथेच ठेवून कंठ थरथरवा. घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्याला हा आयताच येतो, ज़मीन आणि जंगल यांत तो फरक ठेवतोच. फ-चंही तेच. त्याची अडचण दुसरीकडे, शब्दारंभीच्या जोडाक्षरात इ शिरते: इस्कूल, इस्टेशन.

थ-वर मात्र मी वेळ घालवत नाही. ‘थिंक’मध्ये इंग्रजांची हवा दातांतून वाहती राहते, आपला थ अडवून सोडलेला. कन्नड बोलण्यात महाप्राण, म्हणजे थ-ख मधला ह-चा श्वास, गळतो म्हणून तिथे ‘तिंक’. पण दात-टाळूचा फरक, म्हणजे थ किंवा त एका बाजूला आणि ट दुसऱ्या बाजूला, दोघांकडेही शाबूत आहे. पातळ आणि पत्रा यांच्या इंग्रजी शब्दांत गोंधळ होत नाही. तेवढं पुरे.

तिसरं गेट
थ सोडून द्यायचा हे पटलं. पण ‘पिन’ परदेशी माणसाला ‘बिन’ ऐकू येतं, ते का?

अनगोळ
कारण त्यांच्या प-ब मधला फरक आपल्यापेक्षा वेगळ्या जागी आहे. आपण कंठ थरथरतो की नाही हे ऐकतो. ते ओठ उघडल्यावर स्वर किती उशिरा सुरू झाला हे ऐकतात. १९६४ मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी ११ भाषांत ही वेळ मोजली, त्यात मराठीही होती. इंग्रजीत शब्दारंभी प-ला सरासरी ५८ मिलिसेकंद, ट-ला ७०, क-ला ८०. आपल्या साध्या प-ला ओठ उघडता उघडताच स्वर चालू होतो, आणि ते त्यांच्या ब-च्या गल्लीत पडतं.

पाहायची साधी तऱ्हा: पातळ कागदाची २ सेंटिमीटर रुंद पट्टी ओठांपुढे ५ सेंटिमीटरवर लोंबती धरा. ‘पिन’ला हलली पाहिजे, ‘स्पिन’ला हलता कामा नये. मराठी किंवा कन्नड पद्धतीने दोन्हीला जवळजवळ स्थिर राहते.

आता यात काय बिघडतं ते महत्त्वाचं. मराठी मुलाला सांगितलं की ‘प-मध्ये थोडा ह घाल’, तर तो फ म्हणतो, आणि आजचा शहरी फ ओठ-दातांचा झाला आहे. म्हणजे ‘पिन’चा माशाचा पर होतो. त्याला ह सांगू नका. ‘ओठ गच्च मिटून जरा जोराने सोड’ एवढंच. क-ला उलट अडचण, तिथे तो पूर्ण ख घालतो आणि ‘खॅट’ असं ढोबळ ऐकू येतं. मराठी ख-च्या निम्मा श्वास बस्स. कन्नड मुलाच्या बोलीत महाप्राण नाहीच, म्हणून तो पट्टी उडवण्याच्या नादात प्रत्येक प-ला फुंकर घालतो, ‘हॅपी’च्या मधल्यालाही. मधल्याला नको. जोर असलेल्या अक्षराच्या सुरुवातीला असेल तेव्हाच, आणि आधी स असेल तर तेव्हाही नाही.

खडेबाजार
अनेकवचनाचा स आणि भूतकाळाचा ड कुणीतरी घ्या. ‘वॉकेड’, ‘आस्केड’ ऐकून कान किटले.

मलप्रभा काठ
दोन ओळींत होतं. धातूच्या शेवटी कंठ थरथरत नसेल तर ट: वॉक्ट, आस्क्ट. थरथरत असेल तर ड: प्लेड. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तरच वेगळं अक्षर: वॉन्टिड. अनेकवचनाला तोच हिशेब, कॅट्सला स, डॉग्जला वाहता ज़, आणि बसेससारख्यांना इज़. मुलं चुकतात ती तोंडामुळे नाही, स्पेलिंगमध्ये ई दिसतो म्हणून.

घटप्रभा
तुलना करायचीच तर रेकॉर्ड नीट करा. मागच्या वेळी या विषयावर वाद झाला तो बऱ्याच अंशी खराब आवाजामुळे.

फोन तोंडापासून २० सेंटिमीटर, आणि समोर नाही, जरा बाजूला, नाहीतर प-फ-ची हवा माइकवर आदळते. पंखा बंद. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हॉइस मेसेज मोजायला घेऊ नका, तो दाबून लहान केलेला असतो. रेकॉर्डर ॲपमध्ये वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ निवडा. नुसती यादी वाचायला दिली तर प्रत्येक शब्दाला यादीचा सूर लागतो आणि शेवटचा शब्द लांबतो. म्हणून प्रत्येक शब्द एकाच वाक्यात बसवा, ‘से अमुक अगेन’ असं. प्रत्येक शब्द ५ वेळा, दर फेरीत क्रम बदलून.

प्राट हे आवाज मोजायचं ॲमस्टरडॅम विद्यापीठातलं मोफत सॉफ्टवेअर. फाइल उघडा, स्वराचा मधला भाग निवडा, कडेचा नाही, कडेला शेजारच्या व्यंजनाचा रंग लागतो. तिथे पहिला आणि दुसरा फॉरमंट वाचा, म्हणजे स्वर म्हणताना स्वरनळीत ज्या कंपनसंख्या जास्त घुमतात त्या, हर्ट्झमध्ये. जबडा उघडेल तसा पहिला वाढतो, जीभ पुढे जाईल तसा दुसरा वाढतो. फॉरमंट शोधण्याची कमाल मर्यादा पुरुषांच्या आवाजाला ५००० हर्ट्झ, बायकांच्या ५५००. मुळात सेटिंग ५५०० असतं, ते पुरुषाला तसंच ठेवलं तर आकडे भलतेच येतात, आणि लोक त्यावर सिद्धान्त मांडतात.

ताडून बघायला १९५२ ची अमेरिकी मोजणी घ्या, ७६ माणसांची. पुरुषांची सरासरी अशी, आधी पहिला फॉरमंट, मग दुसरा: ‘हॅट’चा ॲ ६६० आणि १७२०, ‘हॉट’चा स्वर ७३० आणि १०९०, ‘लॉ’सारखा गोल ऑ ५७० आणि ८४०. ‘डाक्टर’वाल्याचा आ यांच्यात कुठे पडतो ते पाहिलंत तर वरचा वाद मिटेल. पुरुषाचे आकडे बाईच्या किंवा लहान मुलाच्या आकड्यांशी थेट लावू नका, त्यांची स्वरनळी आखूड असते म्हणून सगळेच आकडे वर सरकतात.

आणि स्वराची लांबी मोजताना पुढचं व्यंजन तेच ठेवा. इंग्रजीत ग-द-ब च्या आधी स्वर आपोआप लांबतो. ‘बॅग’ आणि ‘बॅक’ घेऊन लांबीची तुलना केली तर ती व्यंजनाची होईल, माणसाची नाही.

तिसरं गेट
वर्गात लॅपटॉप नाही. कानाने करायचं तर?

घटप्रभा
मग १० जोड्या, २० चिठ्ठ्या. बोलणारा चिठ्ठी काढून शब्द म्हणतो, ऐकणारा पाठ करून बसतो आणि दोनपैकी एका चित्रावर खूण करतो. चित्र हवं, शब्द लिहिला तर स्पेलिंगचा आधार मिळतो. नुसत्या अंदाजाने १० बरोबर येतात. १५ किंवा जास्त अंदाजाने येण्याची शक्यता साधारण २ टक्के, म्हणून १५ च्या खाली ‘जमतं’ म्हणायचं नाही.

ऐकणारा कोण हे सगळ्यात महत्त्वाचं. मराठी मुलाचा शिप-शीप मराठी मुलानेच ऐकला तर दोघंही गाळात. तिथे कन्नड ऐकणारा बसवा, त्याचा कान लांबी सोडत नाही. कॉट-कोट आणि हॉल या जोड्यांना कन्नड बोलणारा आणि मराठी ऐकणारा. झ-ज ला उर्दूवाला. बाक तसाच ठेवायचा, फक्त जोडी बदलायची.

गोकाक फॉल्स
एक दुरुस्ती. कन्नड ऐकणारा लांबी पकडेल, पण फक्त लांबीच. इंग्रजी ‘शिप’चा स्वर आखूड तर आहेच, शिवाय सैल आहे, ए-कडे झुकलेला. मराठी मुलाने तोच ताठ ई नुसता तोडून म्हटला तरी कन्नड कान त्याला बरोबर ठरवेल. म्हणून चिठ्ठ्यांत नुसती ‘शिप-शीप’ची जोडी ठेवू नका, लांबी फसवेल. ‘बिट, बीट, बॆट’ असे तीन घाला. सैल इ नीट निघाला नाही तर तो एकतर पहिल्याचा दुसरा होतो नाहीतर तिसरा, आणि कुठल्या बाजूला घसरतो ते लगेच दिसतं.

निपाणी नाका
‘बीट’ म्हटल्यावर आमच्याकडे कोशिंबिरीचं चित्र काढतील की. ‘सिट, सीट, सॆट’ घ्या, आणि ‘बसणे’साठी पोरगा बसलेला काढा, ‘सीट’साठी रिकामी खुर्ची.